वेलांटीची शेपटी

गेल्या मंगळवारी दुपारी आमच्या शेजारच्या शालनकाकूंवर अन्याय झाला, तोही त्यांच्याच मुलीच्या लग्नपत्रिकेत.

मी त्यांच्यासोबत छापखान्यात होते. संगणकाच्या पडद्यावर नावं उमटली, बोरूनं काढल्यासारख्या वळणदार अक्षरात. वेलांटीची शेपटी मोरपिसासारखी शेजारच्या ओळीवर झुकलेली. सुंदरच होतं, बघत राहिले. मग निमंत्रकांची नावं वाचली: मुलीचे काका, मामा, आजोबा. काकू कुठेच नाहीत.

"या अक्षराला जागा लागते हो," सोबत आलेले काकूंचे दीर म्हणाले. "आणि वहिनी, दादा गेल्यापासून तुमचं नाव..."

"मुलगी माझीच आहे ना, भावजी?"

मी साधं अक्षर लावून बघायला सांगितलं. सगळी नावं बसली, काकूंचंही. त्या पडद्याजवळ सरकल्या.

"पत्रिकेची शोभा गेली," दीर म्हणाले. पत्रिका मोरपिसांचीच छापली.

विधवेला वगळायची रीत जुनीच आहे. आता तिला नाजूक अक्षराचा आडोसा मिळालाय, एवढंच. ती पत्रिका समोर आहे आणि अक्षर अजूनही देखणं दिसतं, याचाच राग येतो.

तुमच्या घरची पत्रिका छापायला जाईल तेव्हा आधी आईचं नाव लिहा. जागा पुरली नाही, तर अक्षर बदला.