दवाखान्यातली चार फुटी टाकी

दातांच्या त्या दवाखान्यात ताई एकोणीस वर्षं दाराजवळच्या टेबलामागे बसत होत्या. आधी मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली आणि ते थकल्यावर त्यांच्या मुलाच्या. फोन घेणं, वेळा लिहून ठेवणं, रडणाऱ्या मुलांना गप्प करणं आणि "मला दहाची वेळ दिली होती" असं ठासून खोटं सांगणाऱ्या माणसाला वहीतलं पान दाखवणं, हे सगळं त्यांचंच. धाकटे डॉक्टर त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. सगळे म्हणतात म्हणून तेही त्यांना ताईच म्हणत.

एका शुक्रवारी दोन माणसं चार फुटी काचेची टाकी घेऊन आली आणि बाकाशेजारी ठेवून गेली. डॉक्टर हात चोळत बाहेर आले.

"ताई, मासे बघत बसलं की माणसाची भीती कमी होते. मी वाचलंय. आता बघा, पेशंट कसे शांत बसतील."

"आणि टाकी साफ कोण करणार?"

"आपण सगळे मिळून."

सगळ्यांनी मिळून करायचं काम शेवटी कोणाच्या टेबलावर येतं, हे त्यांना एकोणीस वर्षांत पुरतं कळलं होतं.

शनिवारी सकाळी टाकीत नळाचं पाणी भरलं आणि दुपारी मासे आले. डॉक्टरांची बायको आतल्या दुसऱ्या खोलीत पेशंट तपासायची. तिला सगळे मॅडम म्हणत. मॅडमना सोनेरी मासे आवडले म्हणून सहा गोल्डफिश. डॉक्टरांना उंच, ऐटबाज मासे हवे होते म्हणून दोन एंजल. निळी रेघ चमकणारे दहा निऑन कोणी निवडले ते शेवटपर्यंत कळलं नाही. पाच पट्टेरी टायगर बार्ब दुकानदाराने आपणहून पिशवीत टाकले होते. शिवाय लाल-हिरव्या पानांची चार रोपं. सगळं एकदम टाकीत गेलं, वर दिवा लागला आणि डॉक्टरांनी फोटो काढला.

सोमवारी ताईंनी कुलूप उघडलं तेव्हा दोन निऑन पोट वर करून तरंगत होते. मंगळवारी एक गोल्डफिश गेला. बुधवारी मेलेला मासा त्या चहाच्या गाळणीने बाहेर काढत होत्या, तेवढ्यात अक्कलदाढ काढायला आलेला एक गृहस्थ आत शिरला. त्याने गाळणीकडे पाहिलं, मग ताईंकडे पाहिलं.

"मी पुढच्या आठवड्यात येतो," तो म्हणाला. तो पुन्हा कधीच आला नाही.

उरलेले मासेही सुखात नव्हते. टायगर बार्ब एंजलच्या लांब पंखांचे लचके तोडत. एंजल चिडून कोपरा धरून बसत. गोल्डफिश दिवसभर वाळू उकरून रोपं उपटत आणि ताई दिवसभर बाही वर करून ती पुन्हा रोवत. निऑन मात्र रोज कमी व्हायचे आणि त्यांची प्रेतंही सापडायची नाहीत. टाकीतला प्रत्येक जण दुसऱ्याला अक्षरशः पाण्यात पाहत होता.

"आज निऑन चारच आहेत," ताईंनी सांगितलं.

"लपले असतील," डॉक्टर म्हणाले.

"कुठे? त्या एंजलच्या पोटात?"

"एवढा शांत मासा आहे हो तो."

ताईंनी डबा तसाच ठेवला आणि जेवणाच्या सुट्टीत दुकान गाठलं. दुकान चकचकीत, मालक त्याहून चकचकीत. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसला.

"सुरुवातीला थोडं होतं, ताई. हळूहळू जुळवून घेतात."

जुळवून घेणं हा शब्द ताईंनी जन्मभर ऐकला होता. सासरी ऐकला, दवाखान्यात ऐकला आणि आता माशांच्या दुकानातही. जुळवून कोण घेतं आणि घ्यायला कोण लावतं, हे त्यांना नेमकं माहीत होतं. त्या बाहेर पडल्या.

दुसरं दुकान त्यांना एका पेशंटने सांगितलं. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक लांबट, दमट खोली होती. दोन्ही भिंतींना टाक्या आणि मधोमध स्टुलावर साठीच्या एक बाई. त्यांना सगळे काकू म्हणत. ताईंनी माशांची यादी सांगितली. काकूंनी कपाळाला हात लावला.

"काही विकायच्या आधी एक सांगते," काकू म्हणाल्या. "गोल्डफिशला थंड पाणी लागतं, निऑनला कोमट. त्यांना एका टाकीत ठेवलं की एकाला तरी रोजची शिक्षा. गोल्डफिश घाण भरपूर करतो आणि कोवळी झाडं खातो. टायगर बार्बला लांब पंख दिसले की राहवत नाही. आणि निऑन एंजलच्या तोंडात मावतो, म्हणजे तो त्याचं जेवण आहे. यात जुळवून घ्यायचं काय?"

"हे त्या दुकानदाराला कळत नाही?"

"कळतं की. मेले तर तुम्ही पुन्हा येणार, हेही कळतं."

मग काकूंनी झाडांचं विचारलं. लाल-हिरव्या पानांची म्हटल्यावर त्यांनी मानच हलवली. ती कुंडीतली झाडं होती. पाण्यात महिनाभर तग धरतात, मग कुजतात आणि पाणी नासवतात. ताईंना वाटलं, आपण इथे बसून ऐकायच्या ऐवजी डॉक्टरांनाच कान धरून आणायला हवं होतं.

"पुढच्या वेळी तुमच्याकडचं पाणी बाटलीत घेऊन या," काकू म्हणाल्या. "मासे आपल्या आवडीने नाही निवडायचे. आधी पाणी बघायचं."

दुसऱ्या दिवशी ताईंनी बाटली नेली. काकूंनी काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब मोजत टाकले. पाणी चांगलंच जड, म्हणजे क्षारांचं निघालं. ताईंच्या मनात निऑनच भरले होते, पण काकू नाही म्हणाल्या. निऑनला हलकं पाणी मानवतं. या पाण्यात प्लॅटी खुशीत राहतील. तेही नरच घ्यायचे, नाहीतर तीन महिन्यांत पिल्लांना जागा पुरणार नाही. मधल्या थरात चेरी बार्ब. नावाने बार्ब असला तरी तो सज्जन. तळाला मिश्यांचे कोरी, पण वाळू बारीक हवी, नाहीतर मिश्या झिजतात. झाडांमध्ये मागच्या बाजूला पट्ट्यांसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया, तिला जड पाणी आवडतं. पुढे जावा फर्न आणि अनुबियास, तेही लाकडाला दोऱ्याने बांधून. त्यांचं जाड खोड वाळूत पुरलं की सडतं.

"आणि मासे चार-पाच आठवड्यांनी," काकू म्हणाल्या. "तोवर फिल्टर चालू ठेवायचा, रोज चिमूटभर खाणं टाकायचं. माशांची घाण पचवणारे जंतू आधी फिल्टरमध्ये वाढू द्यायचे. ते नसतात म्हणूनच नव्या टाकीत मासे मरतात."

हे सगळं ताईंनी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं आणि डॉक्टरांसमोर ठेवलं. डॉक्टरांनी पान वाचलं, उलटून पाहिलं आणि म्हणाले, "पाच आठवडे रिकामी टाकी? लोक काय म्हणतील?"

"आत्ता काय म्हणतात ते ऐकलंत का?"

डॉक्टरांनी वही परत दिली आणि मान डोलावली. गोल्डफिश मॅडमनी घरच्या अंगणातल्या हौदात नेले, तेही तोंड फुगवून. एंजल आणि बार्ब काकूंनी वेगवेगळ्या टाक्यांत ठेवून घेतले. शेवटचे दोन निऑन तोवर राहिलेच नव्हते.

त्यानंतरचे पाच आठवडे ताईंचा जीव मेटाकुटीला आला. "मासे कुठे आहेत?" हा प्रश्न दिवसाला तीस-चाळीस वेळा. शाळेतल्या मास्तरांना सांगावं, मुलांना सांगावं, तोंडात कापूस घेऊन बाहेर आलेल्या बाईंनाही सांगावं, कारण त्याही बोटाने टाकीकडे दाखवत. एकदा पाणी दुधासारखं पांढुरकं झालं आणि डॉक्टरांनी सगळं ओतून द्यायचा हुकूम सोडला. ताईंनी ओतलं नाही. चार दिवसांनी पाणी आपोआप निवळलं. मग मॅडमनी बुडबुडे सोडणारी प्लास्टिकची पेटी आणून टाकीत ठेवली. ताईंनी ती काढून कपाटात टाकली. मॅडमनी पुन्हा ठेवली, ताईंनी पुन्हा काढली. तिसऱ्यांदा पेटी आली ती गुलाबी प्लास्टिकच्या झाडासकट. ताईंनी दोन्ही वस्तू मॅडमच्याच टेबलावर नेऊन ठेवल्या आणि बाहेर आल्या.

सहाव्या आठवड्यात सहा प्लॅटी आले. दोन आठवड्यांनी आठ चेरी बार्ब, आणखी दोन आठवड्यांनी सहा कोरी. व्हॅलिस्नेरियाने आडवे धुमारे सोडून मागची सगळी काच हिरवी केली होती. प्लॅटी वर हिंडत, बार्ब पानांतून ये-जा करत, कोरी खाली वाळूत तोंड खुपसून कामाला लागलेले. कोणी मेलं नाही. सकाळी आल्यावर ताई पर्स ठेवायच्या आधी मासे मोजत आणि वीस भरले की मगच फोनचा आवाज वाढवत. घरी नवऱ्याला त्या हे सांगत. तो बस चालवायचा. दिवसभर कटकट ऐकून आलेला माणूस, पण कोरीबद्दल आवर्जून विचारायचा.

मग त्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. ताईंनी आठ दिवस रजा घेतली. जाताना टाकीवर ठळक अक्षरांत कागद चिकटवला: खाणं दिवसातून एकदाच, चिमूटभर. नवीन काहीही टाकू नये. 'काहीही'खाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या.

त्या परत आल्या तेव्हा कागद जागच्या जागी होता. टाकीत मधोमध तळहाताएवढा काळा-तांबडा मासा उभा होता. आजूबाजूला कोणी नव्हतं. ताईंनी मोजायला सुरुवात केली. प्लॅटी दोन. चेरी बार्ब एकही नाही. कोरी पाच, लाकडामागे दाटीवाटीने दडलेले. व्हॅलिस्नेरिया अर्धी उपटून वर तरंगत होती.

डॉक्टर आले तेव्हा ताई अजून पर्स खांद्यावर घेऊनच उभ्या होत्या.

"हे काय आहे?"

"ऑस्कर. ते बांधकामवाले पेशंट आहेत ना, त्यांनी भेट दिला. कवळी छान बसली म्हणून. नाही कसं म्हणणार?"

"तुम्ही वाचलं होतंत ना, मी काय लिहून ठेवलं होतं?"

"अहो ताई, एकच तर मासा."

ताईंनी पर्स टेबलावर ठेवली. त्यांचा आवाज चढला नाही. एकोणीस वर्षांत त्या दवाखान्यात त्यांचा आवाज कधीच चढला नव्हता.

"डॉक्टर, त्या माणसाची कवळी करताना तुम्ही तीनदा माप घेतलंत. दात त्याच्या जबड्याला बसायला हवेत म्हणून. समजा मी रजेवर असताना कोणी सुंदरसा दात आणून दिला असता, तर तुम्ही तो त्याच्या तोंडात कुठेही ठोकला असता का? एकच तर दात म्हणून?"

डॉक्टरांनी मास्क काढला, पुन्हा लावला.

"मी पाच आठवडे रिकाम्या पाण्याची रखवाली केली," ताई म्हणाल्या. "लोकांची बोलणी खाल्ली. तेरा जीव गेले, आणि तुम्ही म्हणता एकच मासा. आता एक ठरवा. टाकी तुमची असेल तर आजपासून मी तिच्याकडे बघणार नाही. माझी असेल तर मला विचारल्याशिवाय तिच्यात पाण्याचा थेंबसुद्धा पडणार नाही."

बाकावर तीन पेशंट बसले होते. तिघेही टाकीकडे बघत होते, जणू काही ऐकूच येत नव्हतं. आतल्या दारात मॅडम उभ्या होत्या. डॉक्टरांच्या आधी त्याच बोलल्या.

"ताईंची," त्या म्हणाल्या. "टाकी ताईंची."

डॉक्टरांनी मान हलवली आणि आत गेले.

ऑस्करला बादलीत पकडायला पाऊण तास लागला आणि ताईंची साडी कमरेपर्यंत भिजली. बादलीवर ताट झाकून त्या बसने काकूंकडे गेल्या. काकूंनी त्याला मागच्या मोठ्या टाकीत सोडलं आणि म्हणाल्या, "यात त्याचा काय दोष. तो हातभर वाढणार, समोर येईल ते खाणार. त्याने दुसरं काय करायचं?" ताईंना हे पटलं, म्हणून जास्तच वैताग आला. ज्याच्यावर रागवावं असा तिथे मासा नव्हताच.

बांधकामवाले महिन्याने कवळी घासून घ्यायला आले आणि टाकीपाशी थबकले. ताईंनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं की तुमचा मासा इथल्या सगळ्यांना खात होता, आता मागच्या गल्लीत काकूंकडे आहे, बघायचा असेल तर जा. ते रागावतील असं डॉक्टरांना वाटत होतं. ते उठून गेले ते थेट काकूंकडे. आता दर शनिवारी तिथे जाऊन त्याला हाताने खाणं घालतात म्हणे.

टाकी पुन्हा भरायला तीन महिने लागले. एकेक थर, मध्ये दोन-दोन आठवडे थांबून. डॉक्टर अधूनमधून टेबलापाशी रेंगाळतात आणि निळ्या रंगाचं काहीतरी घ्यायचं का, असं विचारतात. ताई वहीतून मान वर न करता नाही म्हणतात.

गेल्या गुरुवारी वरच्या मजल्यावरच्या हाडांच्या डॉक्टरांची नर्स खाली आली. आमच्याकडेही मासे आणलेत, पण काहीतरी बिनसलंय, ताई, तुम्ही येऊन बघता का, असं विचारत होती. ताईंनी स्वच्छ नाही सांगितलं. आपल्याला आपलं काम पुरे, म्हणाल्या. जेवणाची सुट्टी झाली, त्यांनी डबा उघडला, दोन घास खाल्ले, डबा बंद केला आणि जिना चढून वर गेल्या. तिथे खिडकीत, भर उन्हात, फुटबॉलएवढ्या गोल काचेच्या भांड्यात एक लांब पंखांचा लढाऊ मासा होता आणि त्याच्या शेजारी एक कासव.

"दोघांची चांगली गट्टी जमेल ना?" नर्सने विचारलं.

ताईंनी डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला आणि विचारलं, "बादली कुठे आहे?"