मशीन त्याचं, ग्राइंडर तिचा

माझी आत्या आयुष्यभर एका मोठ्या दवाखान्यात सिस्टर होती आणि निवृत्त झाल्यावरही सिस्टरच राहिली. इमारतीतले लोक तिला सिस्टर म्हणतात, किराणावाला सिस्टर म्हणतो. माझ्या बाबांची ती ताई, पण चिडले की तेही म्हणतात, "सिस्टर, तुमचं चालू द्या." लग्न तिने केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलंच तर म्हणते, त्या दिवशी ड्यूटी लागली होती.

निवृत्तीच्या वेळी तिने वॉर्डातल्या सगळ्यांना आधीच बजावून ठेवलं होतं की भिंतीवरचं घड्याळ दिलंत तर माझ्याशी गाठ आहे. म्हणून त्यांनी एक पाकीट दिलं आणि सांगितलं, आवडेल ते घ्या. आमच्या घरी जेवायला आली तेव्हा आत्याने ते पाकीट टेबलावर ठेवलं आणि जाहीर केलं की ती कॉफीचं मशीन घेणार. डब्यातली पावडर दुधात ढवळायची ती कॉफी नव्हे, एस्प्रेसो. काळी, दाट, घोटभर, वर तांबूस साय असलेली.

बाबांनी घास तोंडात तसाच ठेवून विचारलं, "ताई, तू हॉटेल काढतेयस का?"

त्यांच्या मनात तिच्यासाठी नवा फ्रिज होता. तिच्या फ्रिजचं दार ती अनेक वर्षं स्टूल टेकवून बंद ठेवत होती. पण आत्याचं म्हणणं असं, की फ्रिज तर प्रत्येकाच्या घरी असतो. दवाखान्याच्या फाटकासमोर एका माणसाचं छोटं कॉफीचं दुकान होतं आणि बारा तास उभं राहून पाय भरून आले की तिथली ती घोटभर कॉफी तिला परत माणसांत आणायची. आता ते दुकान दोन बस पलीकडे राहिलं होतं आणि सकाळी सकाळी कॉफीसाठी दोन बस बदलणं तिला मान्य नव्हतं.

सल्ला घ्यायला मात्र ती त्याच दुकानात गेली, मला सोबत घेऊन. पाकिटात किती आहे ते तिने कॉफीवाल्याच्या कानात सांगितलं. तो गालातल्या गालात हसला. म्हणाला, एवढ्यात दोन्ही चांगल्या वस्तू बसायच्या नाहीत. बसवायच्याच असतील तर जास्तीचे पैसे दळणाऱ्या वस्तूवर घाला. मशीन काय, तापलेलं पाणी जोराने ढकलतं. पण बिया एकसारख्या दळल्या गेल्या नाहीत, तर पाणी वाट मिळेल तिथून पळतं आणि मग कितीही महागाचं मशीन असो, हातात काढा येतो. आत्याला हे एकदम पटलं. सुई बोथट असेल तर सिरिंज सोन्याची असून काय उपयोग, असं ती परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईंनाही सांगत होती.

मग आम्ही दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानात एक लालभडक मशीन होतं, ग्राइंडर पोटातच असलेलं, अंगभर दिवे. विक्रेता म्हणाला की सगळं एकातच आहे मॅडम, तुम्ही फक्त बटण दाबायचं. आत्या म्हणाली, छान, दाबा. तो म्हणाला, हे फक्त दाखवण्यासाठी आहे, आत पाणी नाही. आत्याने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याने आपोआप शर्टाचं वरचं बटण लावलं. शिवाय पोटातला ग्राइंडर बिघडला तर मशीनही दुरुस्तीला जाणार, हे तिच्या लगेच लक्षात आलं. दात दुखला म्हणून आख्खा माणूस भरती करायचा का, असं म्हणून ती बाहेर पडली.

दुसऱ्या दुकानात मशीनं चालू होती. तिथला विक्रेता उत्साही निघाला. त्याने एकामागून एक मशीन चालवून दाखवलं आणि आत्याने प्रत्येकाची कॉफी पिऊन पाहिली, कारण न पिता मत देणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. मी दुसऱ्या घोटानंतर थांबले. ती थांबली नाही. शेवटी वॉशिंग मशीनच्या रांगेत एका मशीनला टेकून ती उभी राहिली, मनगटावर तीन बोटं ठेवून स्वतःची नाडी मोजू लागली आणि आकडा ऐकून विक्रेत्याने तिला खुर्ची आणून दिली. त्यातलं जे मशीन तिला आवडलं, त्याच्या किमतीत ग्राइंडरच काय, बियासुद्धा आल्या नसत्या.

म्हणून आम्ही वापरलेल्या वस्तूंच्या जाहिरातींकडे वळलो. मी फोनवर शोधत होते आणि ती माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होती. एक मशीन तिने लगेच टिपलं: साधं, चौकोनी, स्टीलचं, दिवा एकच. किंमतही पाकिटाला झेपणारी.

विकणारा माणूस नकाशे काढायचा. जमिनीचे, रस्त्यांचे, नळाच्या लाइनींचे. घर अर्धं रिकामं होतं. भिंतीवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन, सोफ्याच्या जागी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मशीन मात्र लख्ख. त्याने ते पंधरावीस मिनिटं तापू दिलं, आतलं पाणी सोडून दाखवलं, रबराची कडी काढून दाखवली. आत्या एखादा पेशंट ताब्यात घ्यावा तशी सगळं तपासत होती. मग तिने विचारलं, ग्राइंडर कुठाय.

तो छताकडे बघत म्हणाला, "तो तिकडे गेला."

एखाद्या मुलाबद्दल बोलावं तसं तो म्हणाला. मग हळूहळू कळलं की त्याचा आणि त्याच्या बायकोचा घटस्फोट झाला होता. वाटणी करताना दोघांनीही मोठेपणा दाखवला नाही. मशीन त्याच्याकडे आलं, ग्राइंडर तिच्याकडे. कुलूप एकाच्या खिशात, किल्ली दुसरीच्या पर्समध्ये. तो बाजारातली दळलेली पावडर घालून बघत होता, पण चव जमेना आणि मशीनकडे पाहिलं की जीव नुसता चिडायचा. त्याने आम्हाला तिचा नंबर दिला. मी मशीन विकलं हे तिला सांगू नका, एवढंच तो म्हणाला.

ती बाई पोहायला शिकवायची. उंच, कापलेले केस, आवाज आख्खा तलाव पार करेल असा. तिने दार उघडलं आणि आत्याने ग्राइंडरचं नाव काढताच ती म्हणाली, "म्हणजे मशीन विकलं त्याने."

आत्याने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. बाईने दार पूर्ण उघडलं. मग आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं. ग्राइंडर स्वयंपाकघरात फडक्याखाली झाकलेला होता, जड, लोखंडी, एक बाजू किंचित घासलेली. त्याचा तिला काही उपयोग नव्हता. ती बिया दळायची आणि पातेल्यात उकळून गाळून प्यायची. मग इतके दिवस विकला का नाही, असं आत्याने विचारलं.

ती म्हणाली, "तो मागायला येईल म्हणून ठेवला होता. आला की द्यायचा नाही, असं ठरवलं होतं."

आत्याने ग्राइंडरचे पैसे बाईने सांगितले तेवढे दिले, घासाघीस केली नाही. तिला ओळखणाऱ्याला यावरून कळावं की तिला काय वाटलं असेल.

अशा रीतीने दोन्ही वस्तू आत्याच्या ओट्यावर पुन्हा शेजारी शेजारी बसल्या आणि तिथून खरा त्रास सुरू झाला. पहिल्या दिवशी कॉफी धबधब्यासारखी आली आणि तोंड आंबट झालं. आत्याने ग्राइंडर बारीक केला. मग कॉफी सलाइनसारखी थेंब थेंब पडू लागली आणि इतकी कडू, की बाबा म्हणाले, हे प्यायचं की जखमेवर लावायचं. आठवडाभर तिने सगळं करून पाहिलं. मग नकाशेवाल्याला फोन केला. तो म्हणाला की दळणाचं ती बघायची, त्यातलं मला काही कळत नाही. पोहणाऱ्या बाईंना केला. त्या म्हणाल्या, मी फक्त दळायचे, मशीनला कधी हात लावला नाही, लावू द्यायचाच नाही तो.

आत्याने दोघांनाही रविवारी सकाळी बोलावलं. एकमेकांबद्दल सांगितलं नाही. हे बरोबर नाही असं मी म्हटलं, तर म्हणाली, वॉर्डात जागा नसली की मी हाडवैरी शेजारशेजारच्या खाटांवर झोपवलेत.

बाई आधी आल्या. तो आला तेव्हा दार मीच उघडलं. त्याच्या हातात बियांची पुडी होती. स्वयंपाकघरात बाईंना पाहून तो उंबऱ्यातच थबकला. दोघांनी एकमेकांना "कसं काय" विचारलं. मग त्याची नजर ग्राइंडरकडे गेली, तिची मशीनकडे.

पहिली काही मिनिटं बरी गेली. नंतर ती म्हणाली की दळण आणखी बारीक हवं, तो म्हणाला की मशीन अजून तापलेलंच नाही, दळणाला काय दोष देतेस. ती म्हणाली, तुझ्या मते मशीन कधीच तापलेलं नसतं. तो म्हणाला, आणि तुझ्या मते नेहमी घाई असते. यानंतर कॉफीचा विषय मागे पडला. एक सहल निघाली, कुणाची तरी आई निघाली, एक न भरलेलं विजेचं बिल निघालं. मी बाहेरच्या खोलीत जाऊन वर्तमानपत्र उलटं धरून बसले.

तेवढ्यात आत्याचा आवाज आला, चढलेला नाही, फक्त ड्यूटीवरचा.

"इथे पेशंट एकच आहे आणि तो ओट्यावर आहे. नातेवाइकांना भांडायचं असेल तर व्हरांडा मोकळा आहे."

मी डोकावले. बाईंनी बिया वजनकाट्यावर तोलल्या, दळल्या, दांड्याच्या गाळणीत भरल्या, बोटाने सपाट केल्या आणि न बघता हात मागे केला. त्यानेही न बघता ती गाळणी घेतली. दाबली, मशीनला लावली, कळ फिरवली. दोघांचे हात अजून एकमेकांना ओळखत होते. बाकीचं काही मला सांगता येणार नाही. कॉफी क्षणभर आलीच नाही आणि मग मधासारखी, बारीक, संथ धार लागली. तांबूस साय वर चढत गेली.

पहिला घोट आत्याने घेतला. आम्ही तिघेही तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"हीच," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली. बारा तासांच्या ड्यूटीनंतर बसायची तशी, चपला काढून.

मग तिने दोघांच्या जागा बदलायला लावल्या. त्याने दळायचं, तिने मशीन चालवायचं, म्हणजे पुढे एकाला फोन केला की पुरेल. त्याने ओटाभर भुगा सांडला. दुधाला फेस आणताना तिने वाफेची नळी चुकीच्या बाजूला फिरवली आणि दूध सरळ त्याच्या शर्टावर गेलं. तो काही बोलायच्या आत तीच हसली आणि मग त्यालाही हसावं लागलं.

दोघं बरोबरच खाली उतरले. मी खिडकीत गेले. फाटकाशी ते बराच वेळ बोलत उभे होते; तो शर्ट झटकत होता, ती हातवारे करत होती. मग तो डावीकडे गेला, ती उजवीकडे. मी आत्याला तसं सांगितलं, थोड्या हिरमुसल्या आवाजात असणार, कारण ती म्हणाली, "अगं, मी त्यांचं लग्न जुळवायला नव्हतं बोलावलं. कॉफी जुळवायला बोलावलं होतं."

पण त्यानंतर ग्राइंडर चालू करण्याआधी तिने थोडा वेळ त्याच्या झाकणावर नुसता हात ठेवला होता, हे मी पाहिलं.

आता आत्याला बऱ्यापैकी जमतं. बिया बदलल्या की हात पुन्हा चुकतो. मग ती ती कॉफी ओतून न टाकता डोळे मिटून पिऊन टाकते, आपल्याच हाताने आपल्याला औषध पाजल्यासारखी. नकाशेवाला दर दोनतीन महिन्यांनी येतो, मशीनमध्ये साचलेले क्षार लिंबूसत्त्वाच्या पाण्याने काढून देतो आणि एक कप पिऊन जातो. बाई वेगळ्या दिवशी येतात. त्या स्वयंपाकघरात एकाने दुसऱ्याबद्दल विचारायचं नाही असा आत्याचा नियम आहे. दोघं विचारतात, आणि ती सांगते.

बाबा अजूनही त्या सगळ्याला वेडच म्हणतात. फक्त दर रविवारी ते आत्याचा नळ दुरुस्त करायला जातात. नळ कधीच गळत नव्हता.

आणि आत्याने पोहायला सुरुवात केली आहे. पोहणाऱ्या बाईंनी एकदा कॉफी पिताना सहज विचारलं होतं, सिस्टर, तुम्हाला पोहता येतं का. येत नाही, हे कबूल करायला आत्याला जड गेलं. परवा मी तिला न्यायला गेले, तर ती उथळ बाजूला छातीभर पाण्यात उभी होती, डोक्यावर पिवळी टोपी, दोन्ही हातांनी काठाची दांडी घट्ट धरलेली. बाई वरून ओरडत होत्या की दांडी सोडा. आत्या शांतपणे म्हणाली की सोडते, आधी तुम्ही खाली उतरा. बाई कपड्यांनिशी पाण्यात उतरल्या तेव्हा कुठे तिने एक हात सोडला.