वाळूतलं दारं

समुद्राकाठी गेलो की लोक लाटा बघतात, मी लोकांच्या टाचा बघतो. ही सवय लागली ती एका जुन्या घटनेमुळे. आजवर मी ती अर्धीच सांगत आलो. ज्यांच्यासाठी अर्धी ठेवली ते आता राहिले नाहीत, म्हणून उरलेली अर्धी लिहितो.

नव्वदच्या दशकातला उन्हाळा. मी इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. भवानीनगरच्या अलीकडच्या एका गावात दोन सख्ख्या भावांत कालव्याच्या पाळीवरून भांडण झालं. पाणी सुटलेलं, ऊस वाळत चाललेला, आणि आज पाळी कोणाची यावर दोघे हमरीतुमरीवर आले. धाकट्याने खोऱ्याचा दांडा थोरल्याच्या तोंडावर मारला. थोरला सरीत पालथा पडला. पाणी लाल झालेलं बघून धाकटा पळाला तो गायबच झाला.

थोरला वाचला. घरात त्याला आबा म्हणत. डावा डोळा मात्र गेला. फिर्याद त्याच्या बायकोने दिली, गंभीर दुखापतीचा गुन्हा दाखल झाला. थोरल्याने जबाब दिला, सही केली आणि बाहेर चपला घालताना मला बाजूला घेतलं.

"सायेब, त्यो घावला तर त्येला सांगा, पाळी त्येचीच हुती. दारं मी फोडलं. पर हे जबाबात घिऊ नगा, लोकं हसतील."

दारं म्हणजे पाटातून वाफ्यात पाणी घ्यायचं मातीचं तोंड; ते फोडलं की पाणी आपल्या रानात. मी मान हलवली आणि विसरून गेलो. जबाबात नसलेली गोष्ट आमच्या लेखी घडलेलीच नसते.

पाहुणेरावळे, मजुरांचे अड्डे, सगळं धुंडाळलं. खबर आली ती बारामतीच्या बाजारातून. तिथे सुकट-बोंबील विकणारी एक कोकणातली बाई आमची जुनी खबरी होती. ती म्हणाली, "फौजदार, आज बोंबील नको, माणूस घेऊन जा." तिच्या गावच्या किनाऱ्यावर रापणीत एक नवा माणूस दोर ओढत होता. ही बारामतीला माल नेते असं कळल्यावर त्याने चोरून विचारलं होतं, भवानीनगरच्या बाजूला पाणी सुटलं का? समुद्रात उभा राहून कालव्याची चौकशी करणारा माणूस कोण असणार, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

डायरीला नोंद करून, एक हवालदार घेऊन निघालो. तिकडच्या ठाण्याने एक शिपाई दिला. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. होडीने लांबवर अर्धगोल जाळं टाकलेलं, त्याची दोन टोकं काठावरच्या दोन टोळ्या ओढणार. रापण ती हीच. माणसं वाळूत बसून तांडेलाच्या हुकमाची वाट बघत होती. तांडेल म्हणजे त्यांचा म्होरक्या. मी त्याला विचारलं.

"हय घाटावरचो कोण नाय," तो म्हणाला.

दुखापतीचा गुन्हा म्हटलं की कोणी आरोपी देत नाही. खून म्हटलं की माणसं घाबरून बोलतात. हा माझा अनुभव आणि हेच माझं हत्यार. मी म्हणालो, तो भावाचा खून करून आलाय, लपवलंत तर तुम्हीही आत जाल. तांडेल उठून माणसांकडे गेला.

मी बघत राहिलो. भरतीचं पाणी वर येऊन दोराच्या वेटोळ्याखाली शिरत होतं. बाकीच्यांनी दोर नुसता उचलून बाजूला टाकला असता. त्यातल्या एकाने मात्र बसल्या बसल्या टाचेने वाळूत चर काढला, पाणी वळवलं आणि ओली वाळू पायाने ओढून तोंड बंद केलं, वर दोन थापट्या मारल्या. मी बारामतीजवळच्या कऱ्हाटीच्या शेतकऱ्याचा पोर. दारं धरणाऱ्याचा पाय मला कळतो.

तेवढ्यात तांडेल त्याच्या कानाशी वाकला. माणूस उभा राहिला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि सरळ पाण्यात चालू लागला. त्याला पोहता येत नव्हतं, ते मागाहून कळलं. पाणी छातीला लागलं. मी ओरडलो, "तुजा भाऊ जिता हाय रं!"

तो थांबला नाही. बोलला तो तांडेल, सगळ्यांसमोर, आवाज न चढवता. "साहेबानु, मगाशी खून झालो म्हणालात, आता जिवंत आसा म्हणतात. ह्यातला खरा खयचा?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कोणी असं उघडं केलं नव्हतं. खरं माझ्याकडे होतं आणि घ्यायला कोणी तयार नव्हतं. तेव्हा थोरल्याचे चपला घालतानाचे शब्द आठवले. ते फक्त दोघा भावांनाच कळणारे होते.

"आबानं सांगितलंय," मी ओरडलो, "पाळी तुजीच हुती. दारं मी फोडलं म्हनला."

लाट त्याच्या डोक्यावरून गेली. लाट ओसरली तरी डोकं दिसेना. रापणकरी पाण्यात धावले, दोर फेकला. त्याला वाळूवर आणलं तेव्हा खोकत तो एवढंच म्हणाला, "आसं म्हनला आबा?"

जाळं ओढून झाल्यावर वाटे पडले. त्याचाही पडला. उन्हात ताजी मासळी टिकणार नाही म्हणून तांडेलाने बदल्यात खारवलेली बांधून दिली; त्याच्या हातात दिली, माझ्याकडे बघितलं नाही.

पुढे कोर्टाच्या परवानगीने भावांची तडजोड झाली. निकालानंतर मी त्यांच्या रानात गेलो. धाकटा वाफ्याचं दारं बांधत होता. थोरला बांधावर बसून, राहिलेल्या डोळ्याने त्याच्याकडे बघत होता.

खोटं बोलून तोंड उघडता येतं. पण त्यानंतर आपल्या खऱ्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते, हे मला त्या किनाऱ्यावर कळलं. कळलं म्हणजे लगेच वळलं असं नाही.

थोरल्याने विचारलं, "सायेब, मी जिता हाय म्हनल्यावर लगीच आला का ओ त्यो?"

धाकट्याचं खोरं थांबलं. त्याने मान वर केली नाही.

"व्हय आबा," मी म्हणालो. "लगीच."

खोरं पुन्हा चालू झालं. माझ्या नोकरीतलं ते एकच खोटं, जे बोलताना मला साथीदार होता.