चार सारखे वाटे

आमच्या हॉस्पिटलात त्याला काटेकोर म्हणायचे, अगदी त्याच्या तोंडावरसुद्धा. तो नेटवर्क सांभाळायचा. मी फोनच्या बोर्डावर. त्याची खोली माझ्या पाठीमागे, मध्ये फक्त एक काच. वीस वर्षं त्याला बघतेय, म्हणून सांगते: माणूस सोन्यासारखा, पण डोकं मोजपट्टीचं.

मोठ्या सर्व्हरमध्ये एकच नेटवर्क कार्ड होतं, सगळ्या हॉस्पिटलची माहिती त्यातूनच ये-जा करायची. त्याचे त्याने चार भाग केले होते: स्कॅनची चित्रं, रुग्णांच्या फायली, औषधभांडार आणि कार्यालय. आधी चारही विभागप्रमुख रोज भांडायचे, आमचंच काम अडतं म्हणून. मग याने प्रत्येकाला त्या कार्डाच्या वेगातले शंभरातले पंचवीस दिले. कमीत कमी पंचवीस, आणि जास्तीत जास्तही पंचवीसच. वर कागद भिंतीला चिकटवला: चौघांच्या सहीशिवाय बदल नाही. भांडणं मिटली, आणि याची कॉलर ताठ झाली.

घरीही तोच हिशोब. आई सहा महिने याच्याकडे, सहा महिने धाकट्या भावाकडे. त्या दिवशी सकाळी भावाचा फोन मीच जोडून दिला. दार उघडंच होतं, त्यामुळे बोलणं कानावर पडलं. आईला बरं वाटत नव्हतं, आणि तिला याच्याकडे यायचं होतं.

"अजून तेवीस दिवस आहेत," हा म्हणाला. "तिला सांग, पहिल्या तारखेला न्यायला येतोच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण दुसऱ्याच्या घरात नाक कशाला खुपसा, म्हणून गप्प बसले.

दुपारी दीडला ऑपरेशन थिएटरमधून सर्जनबाईंचा फोन आला. आमच्या माळीबुवांच्या मुलीच्या डोक्यात रक्तस्राव झाला होता. तिला टेबलावर घेतलं होतं, आणि नुकत्याच काढलेल्या स्कॅनची चित्रं पडद्यावर येता येत नव्हती.

"अर्धीच दिसतायत," बाई म्हणाल्या. "रक्त कुठून येतंय ते कळल्याशिवाय मला पुढे हात घालता येत नाही. त्याला सांगा, लवकर."

मी काच ठोकली. तो आपल्या पडद्याकडे बघतच होता. एकाच वेळी तीन रुग्णांचे स्कॅन चालू होते, त्या भागाचे पंचवीस केव्हाच भरले होते. बाकीचे तीन भाग जेवणाच्या सुट्टीत रिकामे पडलेले.

"मग रिकामं आहे ते दे की तिकडे," मी म्हटलं.

"वरची मर्यादा काढली की मिळेल. पण चौघांच्या सह्या लागतात, ताई."

मी धडाधड फोन लावले. तिघे हो म्हणाले. औषधभांडाराचे साहेब काही उचलेनात.

"आणि बदलताना लाईन तुटली, तर आलंय ते अर्धंही जाईल," तो म्हणाला.

खिडकीतून मला गेटजवळचा बाक दिसत होता. माळीबुवा चपला काढून त्यावर बसले होते, हात मांडीवर ठेवून.

"अरे, जिला आत्ता गरज आहे तिला मिळालं नाही, तर तुझे सारखे वाटे काय जाळायचेत?"

तो पडद्याकडे वळला. स्कॅनच्या रकान्यात जास्तीत जास्त पंचवीसचे त्याने शंभर केले. कमीत कमीचे पंचवीस कुणाचेच हलवले नाहीत. बटणावर बोट ठेवून थांबला. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. मग त्याने दाबलं.

पडदा कोरा झाला. थिएटरचा फोन माझ्या कानाला होता. पलीकडे कुणी बोलत नव्हतं, फक्त कसल्यातरी यंत्राचा टिकटिक आवाज येत होता.

"आलं," सर्जनबाई म्हणाल्या. "सगळं आलं." आणि फोन ठेवला.

चार वाजता मुलीला बाहेर आणलं. धोका टळला होता. माळीबुवा उठून उभे राहिले, पण चपला पायात घालायचं काही त्यांना सुचेना.

तेवढ्यात औषधभांडाराचे साहेब तणतणत आले. "माझी सही कुठे आहे?"

काटेकोरने पडदा दाखवला. "तुमचे पंचवीस तसेच आहेत, साहेब. तुम्हाला लागतील तेव्हा मिळतील."

साहेबांनी नीट वाचलं. "मग इतकी वर्षं वरची मर्यादा घातलीस कशाला?"

साहेब गेल्यावर त्याने भिंतीवरचा कागद काढला आणि घडी घालून खणात ठेवला.

"ताई, भावाला लावून द्या," तो म्हणाला. मी जोडून दिला.

"आईला तयार ठेव, आत्ता येतो." पलीकडून भाऊ काहीतरी म्हणाला, तेवीस दिवसांचंच असणार. "तुझे दिवस कुठे जात नाहीत रे," हा म्हणाला. "तिला आज यायचंय ना?"

डबा टेबलावरच विसरून तो गेला. वीस वर्षांत पहिल्यांदा सुट्टी व्हायच्या आधी निघाला.