नांदेडात शिकलेली आंघोळ

पुण्याहून नांदेड स्टेशनात उतरले तेव्हा सकाळचे सात वाजले होते. सहा महिन्यांत येते असं सांगून हे गाव सोडलं होतं, आणि येत होते तीन वर्षांनी.

इथल्या एका लहानशा शाळेत मी दोन वर्षं स्वमग्न मुलांना शिकवलं. शबाना माझी विद्यार्थिनी. बोलायची फार थोडं. स्वतःची आंघोळ स्वतः करायला तिला आठ महिने लागले. तिच्या घरच्या न्हाणीत (आंघोळीच्या मोरीत) मी सहा चित्रं चिकटवली होती: बादली, तांब्या, साबण, टॉवेल, कपडे, कंगवा. एक काम झालं की त्या चित्रावर बोट ठेवायचं आणि पुढच्याकडे जायचं. एक दिवस ती एकटी आत गेली आणि बाह्यांची बटणं लावून, केस विंचरून बाहेर आली. तिच्या अम्मीने मला खीर वाढली आणि वाढता वाढता रडली.

आज शबानाच्या घराला कुलूप होतं. तिच्या अब्बांचं गाद्यांचं दुकान चौकापलीकडेच, तिकडे गेले. ते रजईत कापूस भरत होते.

"सगळे लातूरला हायेत बाई. धाकटीचा, नाझियाचा क्लास हाय ना. डॉक्टर व्हायचंय तिला."

"आणि शबाना?"

"ती पण तिथंच. इथं मी एकटा माणूस, तिचं कसं करू?"

"आंघोळ-कपडे तर ती स्वतः करते."

त्यांनी मूठभर कापूस रजईत कोंबला. "जाऊन या तुम्ही," एवढंच म्हणाले आणि घरी द्यायला दोन नव्या उशा माझ्या हातात दिल्या.

त्या उशा मांडीवर घेऊन मी एसटीत बसले. लोहा, अहमदपूर मागे पडलं. दोन्ही बाजूंना काळी जमीन, हरभरा काढणीला आलेला. चाकूरच्या अलीकडे टायर पंक्चर झालं. तासभर लिंबाखाली थांबलो. तिथल्या टपरीवर सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांना दिलेली फोडणी) खाल्ली. तिखट, गरम आणि फार चांगली होती. त्या वेळी मला अजून आनंदच होत होता.

लातुरात शिरल्यावर दिसले ते पहिल्या आलेल्या मुलांच्या फोटोंचे फलक. पाठीला जड दप्तरं लावलेली पोरं-पोरी घोळक्याने क्लासला निघाली होती. अम्मीची खोली एका गल्लीत होती. भूकंपानंतर बांधलेलं घर, चार खोल्या, चारही खोल्यांत क्लासवाली बिऱ्हाडं आणि सगळ्यांत मिळून एक न्हाणी.

शबाना पलंगावर बसली होती. आता एकोणीस वर्षांची. मला ओळखलं की नाही, कळलं नाही. अम्मीने तिचा कुर्ता नीट केला, तशी तिने दोन्ही मनगटं पुढे केली आणि अम्मी बटणं लावेपर्यंत तशीच थांबली. लहान मूल थांबतं तशी.

मी उशा पलंगावर ठेवल्या.

"पहिल्या दिवशी गेली होती एकटी," अम्मी म्हणाली. "तुमची चित्रं मी उचकटून आणून इथं लावली. पण इथं बादली वेगळी, नळ वेगळा. ती उभीच राहिली. बाहेर पोरींची रांग. सकाळी सहाचा क्लास असतो, त्यांनी दार वाजवलं. शब्बो लई ओरडली, स्वतःचा हात चावला. घरमालक म्हणाले, खोली खाली करा."

"मग?"

"मग काय? दुपारी कोणी नसताना मीच घालते. दहा मिनटात होते. पाणी आठ दिवसांनी येते बाई. तिला शिकवायला पाणी कुठून आणू?"

तरी मी दोन दिवस राहिले. नव्या बादलीची, नव्या नळाची चित्रं काढली. दुसऱ्या दुपारी शबानाने बादलीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि एक तांब्या स्वतः ओतून घेतला. मग दुसरा. तेवढ्यात नाझिया क्लासहून आली. तिची सराव परीक्षा होती, त्याआधी तिला न्हाणीत जायचं होतं. दारात तिचा आवाज ऐकताच शबानाने तांब्या सोडून दिला. नाझिया मला हळूच म्हणाली, "मॅडम, माझ्यामुळं होऊन राहिलं ना हे सगळं?" मी नाही म्हणाले. ते खरं होतं. पण तिला पटलं नाही.

निघताना अम्मीला म्हटलं, निदान बटणं तरी तिला लावू द्या. त्याला पाणी लागत नाही.

"तुम्ही बोलून राहिले ते बरोबर हाय," ती म्हणाली. "पण तुम्ही आज जाणार. मला तिच्यासंगं राहायचंय."

परतीच्या गाडीत मला अम्मीचा राग आला, मालकाचा आला, त्या फलकांचाही आला. पुणं जवळ आलं तेव्हा त्यातलं काही उरलं नाही. शबानाला मी आंघोळ शिकवलीच नव्हती. एका न्हाणीत, एका बादलीने करायची एक गोष्ट शिकवली होती. दुसऱ्या घरी, दुसऱ्या नळाखाली तिला एकदाही नेलं नव्हतं. शिकवलेलं वेगवेगळ्या ठिकाणी करून घ्यायचं, ही आमच्या कामात पहिल्या वर्षाला शिकवतात ती गोष्ट. पण त्या दिवशी शबाना न्हाणीतून बाहेर आली, अम्मी रडली, आणि मला वाटलं झालं. महिन्याभरात पुण्याची नोकरी मिळाली. तिथल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी शबानाचंच उदाहरण देत आले, नाव बदलून, यशाचं म्हणून.

परवा अम्मीला फोन केला. बटणांचं विचारलं.

"न्हाई बाई अजून," ती म्हणाली. "नाझियाची परीक्षा होऊ द्या."