तिवरांतली हजेरी

हॉस्टेलचे किस्से एकेकटे येत नाहीत मेले! परवा तेव्हाच्या मैत्रिणीचा, सेल्वीचा फोन आला म्हणून एक आठवला, तर त्याच्या मागोमाग अख्खी मुत्तुपेट्टैची सहल येऊन बसली. नवरा म्हणाला, "हसत सांगतेयस, मग हात का गार पडलेत?" पडणारच! तो कुठे होता तिथे?

नव्वदीची सुरुवात. मी कऱ्हाडची, सुलभा साताऱ्याची. दोघी एम.एस्सी. बॉटनीला तंजावूरला गेलो होतो. पहिल्याच टर्मला सुलभाला कावीळ झाली आणि ती घरी जाऊन पडली. परत आली तेव्हा हजेरी इतकी कमी, की आणखी एक दिवस बुडाला असता तर परीक्षेला बसू देणार नव्हते. सहलीची हजेरी धरणार होते. म्हणून, बादलीतल्या पाण्यालाही बिचकणारी ही बाई खाडीतली तिवरं बघायला निघाली!

* * *

ओरत्तनाडुला देवळापुढे ड्रायव्हरने बस थांबवली, चाकांखाली लिंबं ठेवली आणि ती चिरडून निघाला. पुढे समोरासमोरच्या दोन लॉऱ्यांच्या फटीतून त्याने बस अशी काढली, की मी कुलदैवताला चार नवस बोलून मोकळी झाले.

डोळे उघडले तर सुलभा पांढरीफटक. म्हणाली, "चाकांना लिंबू दिलं ते बरंच केलं. आता ब्रेकलाही काहीतरी वाहा म्हणावं त्याला!"

* * *

मुत्तुपेट्टैला दोन होड्या उभ्या होत्या. जाकिटं वगैरे काही नाही. सेल्वी आमच्याच वर्गातली, तिथलीच तमिळ मुलगी. तिने नावाड्याला विचारून आम्हाला सांगितलं, "घाबरू नका, पाणी फक्त छातीएवढं आहे."

सुलभाची उंची जेमतेम पावणेपाच फूट. नावाडी सहा फुटी.

"त्याला विचार," सुलभा म्हणाली, "कुणाच्या छातीएवढं?"

नावाडी अण्णा हसला. आणि वल्हं उचललं!

* * *

तिवरं मात्र बघावीत! चिखलातून हजारो मुळं बोटांसारखी वर आलेली, श्वास घ्यायला. झाड वर आणि नाकंही वर! ओहोटी होती म्हणून आम्ही एका बेटावर उतरलो, आणि तिसऱ्या पावलाला मी गुडघ्यापर्यंत आत. ओढला पाय की आणखी आत. बोंबच मारली मी.

आमच्या मॅडम तंजावूरच्या राजवाड्याजवळच्या गल्लीतल्या, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेल्या मराठी घरातल्या. आमच्याशी मराठीच बोलत, पण पोथीतलं वाटावं असं, आणि हेल तमिळ.

"ओढूं नको गे," त्या शांतपणे म्हणाल्या. "चिखल भांडखोर असतो. तूं ओढलेंस, कीं तोही ओढतो."

मी ओढायची थांबले. पाय सुटला, चप्पल त्यानेच ठेवून घेतली!

* * *

आता कबूल करते. आमच्या हॉस्टेलचा एक रिवाज होता. एखादी झोपली असली की शेजारणीने तिच्या नावाला "येस मॅडम" म्हणायचं. मॅडम वहीतून मान वर काढत नसत.

परत होडीत चढताना मॅडमनी हजेरी घेतली. सुलभाचं नाव आलं. एक क्षण कुणीच बोललं नाही. मला वाटलं, दुसऱ्या होडीत जाऊन बसली असेल, तिथून आवाज येत नसेल. तिची हजेरी चुकायला नको! तोंडातून आपसूक निघालं, "येस मॅडम."

होड्या सुटल्या. अर्ध्या तासाने किनाऱ्याला लागून भाताची पुडकी वाटली. एक पुडकं उरलं.

मी दुसऱ्या होडीतल्या प्रत्येकीचं तोंड पाहिलं. पुन्हा पाहिलं. सकाळपासून ती माझ्या कानाशी कुजबुजत होती, "कुठे आडोसा मिळेल का गं?" मिळाला असणार. कुणालाही न सांगता गेली असणार. लाजरी मेली!

आणि भरती लागली होती.

* * *

होडी परत फिरली. सगळी झाडं एकसारखी, सगळी बेटं एकसारखी. मघाशी हात हात वर आलेली ती मुळं आता दिसतच नव्हती, सगळ्यावर पाणी. आम्ही हाका मारत होतो आणि उत्तराला नुसते बगळे उडत होते.

मी सेल्वीच्या कानात म्हटलं, "तिची ओ मी दिली."

सेल्वी पुटपुटली, "आय ऑल्सो!"

दोघी रडायला लागलो. सुलभाच्या आईला एस.टी.डी. बूथवरून काय सांगायचं, ते वाक्य मी मनात जुळवत होते. जुळत नव्हतं. मॅडमनी माझा हात धरला. वर्गात ज्यांना आम्ही चळाचळा कापायचो, त्या म्हणाल्या, "मज फार भय वाटतें गे."

तेवढ्यात अण्णाने बोट दाखवलं.

* * *

एका झाडाला मिठी मारून सुलभा उभी होती. पाणी कमरेच्या वर. चपला पदरात बांधून गळ्यात घेतलेल्या. आवाज ओरडून ओरडून पार बसला होता, म्हणून आमच्या हाकांना उत्तर नव्हतं. अण्णाने तिला काखेत हात घालून वर ओढलं. ती झाड सोडेना, बोटं एकेक करून सोडवावी लागली.

मला वाटलं, आता ही मला मारणार. मारावं, असंही वाटलं.

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दातावर दात आपटत, फाटक्या आवाजात मॅडमना म्हणाली, "मॅडम... माझी आजची हजेरी...?"

मॅडमनी ओल्या हातांनी वही उघडली, तिच्या नावावर बोट ठेवलं.

"लागली आहे," त्या म्हणाल्या. "दोघींच्या आवाजांत लागली. दोन्ही मीं ऐकिले होते."