तार तुटली होती

आमच्या भावोजींच्या नजरेचा घरात दरारा आहे. कपाटातली बरणी जरा सरकली, तरी दारातूनच विचारतील, "वहिनी, इथं कुणी हात लावला?" नोकरीही तशीच, निरीक्षकाची. अणुभट्टीचं इंधन कागदावर दाखवलंय तेवढंच आहे ना, बॉम्बसाठी कुणी गुपचूप वळवलं तर नाही ना, हे तपासायचं.

यंदा त्यांच्या उजळणीवर्गाला मानसशास्त्राच्या प्राध्यापिका आल्या. डोळे आणि आठवण माणसाला कशी फसवतात, ते शिकवायला. "आता आम्हाला बघायला शिकवणार म्हणे!" भावोजी हसतच गेले.

परीक्षेसाठी खोटं कोठार उभारलं होतं. जोडीनं पाहून यायचं आणि एकमेकांशी अवाक्षर न बोलता आपापलं लिहायचं. भावोजींच्या जोडीला नवी लागलेली मुलगी होती. पास झाली तरच तिची नोकरी कायम होणार होती. दार कुणी उघडलं तर कळावं म्हणून त्याला तार ओवून सील लावतात. बाहेर पडताच भावोजी सवयीनं बोलून गेले, "मागच्या दाराचं सील शाबूत होतं, नाही का?"

"सर, मला वाटतं, तार तुटली..."

"अगं, मी ओढून पाहिलीय. हे केस काय उन्हात पांढरे झालेत?"

तिनं मुकाट्यानं 'शाबूत' लिहिलं.

मग बाईंनी कोठारातल्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. तार तुटलेलीच होती. आणि भावोजी त्या दारापाशी गेलेच नव्हते! खोटं बोलले नव्हते हो ते. तारेचा ताण त्यांना बोटांत अजून जाणवत होता. आजवर तपासलेल्या कितीतरी दारांचा असेल.

मुलगी नापास. "माझंच चुकलं," ती मान खाली घालून म्हणाली. वर्गातले निम्मे निरीक्षक भावोजींनीच घडवलेले. सगळे उठू लागले, तेव्हा कुठं ते उभे राहिले. "तिनं बरोबर पाहिलं होतं. मी तिला गप्प केलं."

बाईंनी तिला पुन्हा संधी दिली. "मीच जातो तिच्याबरोबर," भावोजी घाईघाईनं म्हणाले.

"नको सर," ती हळूच म्हणाली, "तुम्ही सोबत असलात की माझे डोळे तुमचंच ऐकतात."

दुसऱ्या कुणाबरोबर गेली आणि पास झाली. हे सांगताना भावोजी टेबलाच्या कडेकडे बघत होते.

"वहिनी, अभिनंदन करायलासुद्धा तिच्यासमोर जाववलं नाही."